पाचशेतली एक

“अरं, येडा का खुळा तू? चांगल्या गाडीची सालटी काढतोय!” चांगुणाबाई ओसरीवरून ओरडल्या. त्यांच्या मुलाने, अजिनाथने, मान वर केली नाही. बहिणीच्या केस वाळवायच्या मशीनने तो मोटारसायकलच्या टाकीवरचा लाल पट्टा तापवत होता आणि नखाने अलगद सोलत होता. त्याने मागणी घातलेल्या सत्यशीलाच्या घरची मंडळी दुपारी घर बघायला येणार होती. त्याच्या आत त्याला गाडी कोरी करायची होती.

गाडी साधीसुधी नव्हती. देशात अशा पाचशेच निघाल्या होत्या. पांढऱ्या अंगावर लाल पट्टा, पट्ट्यावर ठसठशीत ‘लिमिटेड एडिशन’, पुढचे शॉकअप सोनेरी. करंजी घाटात वळणावर ती एका अंगाला कलली आणि तिचा आवाज डोंगरावरून परत आला, की अजिनाथला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. ते सुख खोटं नव्हतं, हे मान्यच केलं पाहिजे. चांगुणाबाईंना मात्र त्याच आवाजात, गाडीपायी डाळिंबाच्या बागेत न आलेलं ठिबक ऐकू यायचं.

अजिनाथचं गणित निराळं होतं. शेतकरी मुलाला पोरी नाही म्हणतात, हा साऱ्या पाथर्डी तालुक्याचा अनुभव. तीन ठिकाणी त्यालाही नकार आला होता. पण पाचशेतल्या एकाला कोण नाही म्हणेल? बायोडाटावर त्याने जन्मवेळेच्या वर गाडीचं मॉडेल घातलं. फोटोत हेल्मेटसुद्धा काढलं नाही, कारण ते गाडीला मॅचिंग होतं. तो बायोडाटा गेला सत्यशीलाकडे. तिला त्याने एका लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याला दुसरी कोणी नकोच होती.

महिनाभर गाव गाडी बघायला आलं. मग आला गाड्यांवर पट्टे-अक्षरं चिकटवणारा पाथर्डीचा रेडियमवाला गहिनीनाथ. चहा पिता पिता त्याने मोबाईलवर पट्ट्याचे फोटो काढले. आठवड्याभरात शेजारच्या कानिफनाथच्या खटारा गाडीवर तोच लाल पट्टा झळकला, अक्षरंही तीच. मग भिमाजीच्या दुधाच्या कॅनांवर. मग पाण्याच्या टँकरवर. ऊसतोडीला निघालेला एक ट्रॅक्टर धूर सोडत गावातून गेला, तोही लिमिटेड एडिशन.

अजिनाथ भेटेल त्याला थांबवून टाकीखालची, गाडी पाचशेतली कितवी ते सांगणारी नंबराची बारकी पाटी दाखवायचा. लोक “व्हय का” म्हणायचे आणि पुढे जायचे. परवा तर कहर झाला. पेट्रोल पंपावर कानिफनाथने त्याच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि मायेने म्हणाला, “तुला गहिनीनं जरा वाकडं लावलंय रं.” अजिनाथ घरी आला आणि जेवला नाही.

म्हणून आजचा हा उपाय. साऱ्या गावाच्या गाड्यांना पट्टे, तर ज्या गाडीला पट्टा नाही ती एकटी उठून दिसणार. पाहुणे विचारतील, मग आपण पाटी दाखवू, कपाटातलं कंपनीचं सर्टिफिकेट काढू. चौथा नकार त्याला परवडणारा नव्हता.

पट्ट्याचं शेवटचं टोक निघालं आणि दारात एक जुनी मोटारसायकल थांबली. उतरले ते सत्यशीलाचे वडील, राधाकृष्ण. एकटेच.

“घोडेगावच्या बाजारात म्हैस बघाया आल्तो,” ते खाटेवर टेकत म्हणाले. “म्हनलं, मंडळी दुपारी येतील तवा येतील. आदी आपन एकलं जाऊन यावं.”

चांगुणाबाईंनी पाणी दिलं आणि चहाला आधण ठेवलं. राधाकृष्णांची नजर गाडीवरून हलेना. अजिनाथचा ऊर भरून आला. मायलेज सोडून बाकी सगळं सांगायची त्याने मनात तयारी केली.

“अजिनाथराव, सरळ इचारतो, राग मानू नका,” ते म्हणाले. “गावात शिरल्यापास्नं बघतोय, दारोदारी हीच गाडी हाय. आमची पोरगी डेअरीत कामाला हाय, तिला पैशाची किंमत कळती. तुमचा बायोडाटा बघून म्हनली, दादा, त्याची गाडी खरी आसंल तर चहा न पिता माघारी या. ज्यानं बाग वाळत ठिवून गाडी घेतली त्यो मला काय सांभाळनार? पन नुसता पट्टा लावून मिरवत आसंल तर मानूस हौशी हाय आन् हिशेबी बी हाय. मंग बैठक करा म्हनली.”

स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज थांबला. चांगुणाबाई दारात आल्या आणि लेकाकडे बघत राहिल्या.

अजिनाथच्या डोळ्यांपुढे करंजी घाट आला. कपाटातलं लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट आलं. मग पंगतीत वाकून वाढणारी सत्यशीला आली, आणि ती काही केल्या जाईना. त्याला अगदी रडू येईल असं वाटलं.

“तर मंग?” राधाकृष्णांनी विचारलं. “खरी हाय, का चिकटवल्याली?”

अजिनाथने एक पाय पुढे टाकून नंबराची पाटी झाकली आणि सोललेला पट्टा त्यांच्यापुढे धरला.

“चिकटवल्याली हाय, मामा. बघा की, पट्टा निगाला बी.”