टिकणारा खडा

आरोहीने पाचूची अंगठी बोटात घातली आणि शिळफाट्यावरच्या सोनाराच्या दुकानात छायाच्या पोटात दुखायला लागलं. धाकट्या दिराचा, प्रवीणचा, साखरपुडा येत्या रविवारी होता. अंगठी पसंत करायला होणारी जाऊ आली होती, सासू भागूबाई आली होती आणि पिशव्या धरायला छाया.

खडा गर्द हिरवा, करंगळीच्या नखाएवढा. आरोहीच्या लांब बोटांवर तो असा शोभत होता की नाव ठेवायला जागा नव्हती. छायाने ती शोधून काढली.

"रोज घालायची अंगठी हाय. टिकंल का ओ हा?" तिने सोनाराला विचारलं.

नवीनशेठ सोनार असून खरं बोलायचा. "त्याचं काय हाय वहिनी, पाचू नाजूक. आतून बारीक रेघा असतात त्याला. कुठं आपटला की टवका उडतो. गरम पाणी, साबण, काय सोसत नाय. सणासुदीला घालायचा खडा हा. रोजचा पायजे तर तुमच्यासारखा माणिक घ्या."

त्याने छायाची अंगठी बघायला मागितली. ती बोटातून लवकर निघेना. निघाली तेव्हा खाली पांढरा वळ होता. नवीनशेठने भिंगाखाली धरून ती फिरवून फिरवून पाहिली.

"एवढी वर्षं झाली. सोनं झिजलं, पण खड्यावर चरा नाय."

"आणि हिनं ती कधी काढली बी नाय," भागूबाई म्हणाली. "भांडी म्हणू नका, पाटावरवंटा म्हणू नका, शेतातला चिखल म्हणू नका."

सासूने परक्या माणसासमोर केलेलं हे पहिलंच कौतुक. तेही नव्या सुनेच्या देखत. छायाला आभाळ अगदी ठेंगणं झालं. आरोहीने पाचूची अंगठी काढून हळूच ट्रेमध्ये ठेवली. तिचा उतरलेला चेहरा पाहून छायाला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. पण थोडीच.

"माणिकच घे गं," ती मायेने म्हणाली. "आपल्या घरच्या कामात पाचू महिनाभर टिकायचा नाय."

"तुम्ही म्हणाल तसं, ताई," आरोही म्हणाली. नजर मात्र हिरव्या खड्यावरच होती.

भागूबाईने ती नजर पाहिली. पदराने तोंड पुसलं. "तुला हा आवडलाय ना? मग हाच घे."

"पण आई, भांडी घासताना..." छाया म्हणाली.

"तिनं कशाला हात लावायचा भांड्याला? खडा नाजूक हाय तर जपाया नको? भांडी, भाकऱ्या, वाटण, तू हाय की. तुझ्या अंगठीला काय व्हतंय?"

नवीनशेठने पाचूची अंगठी मखमली डबीत ठेवली.

"बरं झालं ताई, तुम्ही विचारलंत," आरोही मनापासून म्हणाली. "मी तशीच धुणं धुवायला बसले असते."

छायाची अंगठी काचेवर पडली होती. नवीनशेठने ती उचलून पुढे केली. छायाने हात पुढे केला नाही.

"ह्यातला खडा काढून पाचू बसवता येईल का?"

नवीनशेठ हसला. "बसंल की. पण वहिनी, तुमच्या हातात तो टिकायचा नाय."

छायाने एकदा सासूकडे पाहिलं.

"म्हणूनच बसवा," ती म्हणाली.