लटारूभाऊंचा नवस

राजुऱ्याजवळच्या त्या घरात आधी पुरुष जेवत, मग सासू, आणि गर्भार पुनमच्या वाट्याला भांड्याला चिकटलेला भात येई. पोटातलं बाळ वाढत नाही, सुनेला पोटभर खाऊ घाला, असं अंगणवाडीच्या बाईंनी घरी येऊन सांगितलं. "तिले जेवाले मी अडवलं काय?" म्हणत सासू रुखमाबाईंनी विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी सासरे लटारूभाऊ भरल्या ताटावरून उठले. "मी नवस बोललो. बाळंतपण होयेपर्यंत सुनेच्या आधी घास नाई घेणार."

आता सुनेच्या मागून जेवणाऱ्या नवऱ्याला भांड्याची खरवड कोण वाढणार? रुखमाबाई भात, वरण, भाजी, सगळंच जास्तीचं रांधू लागल्या. "जेव न व माय लवकर, बुढा भुका हाये," म्हणत पुनमला आग्रह करू लागल्या.

बाळ चांगलं गुटगुटीत जन्मलं. रुखमाबाईंनी नवस फेडायला नारळ आणला. "कोन्या देवाले बोलला होता जी?"

लटारूभाऊ आढ्याकडे पाहू लागले.

"मले वाटलंच होतं." रुखमाबाईंनी उंबऱ्यावरच नारळ फोडला आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा पुनमच्या हातावर ठेवला. मग नवऱ्याला विचारलं, "माह्या येळी काऊन नाई सुचला हा नवस?"