एक्केचाळीस नंबरची जागा

"एक्केचाळीस नको. स्टेजसमोरची जागा द्या," ती उद्यानाच्या फाटकावरच्या राखणदाराला म्हणाली.

म्हातारा गोंधळला. हातातली वही त्याने दोनदा उलटसुलट करून पाहिली. "पण वहिनी, सकाळीच दादांचा फोन आला होता. एक्केचाळीस राखून ठेवलीय तुमच्यासाठी."

"बघितलंस?" ती धाकट्या बहिणीकडे वळली. "पाय प्लास्टरमध्ये आहे, घरात पडून आहेत, तरी ह्यांचा हट्ट काही सुटत नाही!" मग राखणदाराला म्हणाली, "स्टेजसमोरचीच द्या हो. दादांना मी बघून घेते."

दर वर्षी ह्या उद्यानात दोन दिवस उघड्यावर गाणी व्हायची आणि लोक गवतावर तंबू ठोकून राहायचे. ती दोघं नवराबायको बावीस वर्षं येत होती. आणि बावीस वर्षं तिचा नवरा तंबू ठोकायचा तो टेकाडाच्या मागे, पंपघराला अगदी चिकटून. तिथून गायक दिसायचा नाही. गाणं यायचं ते टेकाड चढून, दमूनभागून, आणि त्यावर पुन्हा पंपाची अखंड घरघर. तिने रागावून पाहिलं, रुसून पाहिलं, एका वर्षी तर येतानाच्या वाटेपासून अबोला धरला. नवरा ढिम्म. टोपी तोंडावर ओढून जो आडवा व्हायचा, तो गाणी संपल्यावरच उठायचा.

त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे साऱ्या नात्यागोत्यात ठाऊक होतं. पण म्हणून बायकोनेही ऐकायचं नाही? वर्षभर शिलाई मशीनवर मान मोडून लोकांचे कपडे शिवायचे, त्यात ही एवढी एकच चैन, तीही पंपाशेजारी! हे तिला फार लागायचं. बोलून दाखवलं नाही असं एक वर्ष गेलं नव्हतं. यंदा मात्र तो स्टुलावरून पडला, पाय मोडून बसला, आणि बहिणीला घेऊन ती निघाली. एकदा तरी पुढे बसायचंच, असं तिने ठरवूनच टाकलं होतं आणि निघताना नवऱ्याला तसं ऐकवलंही होतं.

चार वाजता गाणी सुरू झाली. गायक हाकेच्या अंतरावर होता. त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. बहीण तर पहिल्या गाण्यापासूनच टाळ्या वाजवत, बेसूर का होईना, मोठमोठ्याने गाऊ लागली.

"गा की गं ताई! एरवी मशीनवर बसलीस की गुणगुणत असतेस."

"घरी कोण ऐकायला बसलंय? इथे एवढ्या माणसांत गाऊ? वेड लागलंय का तुला?"

ती तोंड मिटून बसून राहिली. सगळं मनासारखं होतं. तरी तिसऱ्या गाण्याला तिला करमेनासं झालं आणि का ते तिचं तिलाच कळेना. मध्यंतर होताच पाण्याची बाटली घेऊन ती उठली.

नळ होता पंपघराजवळ. एक्केचाळीस नंबरची जागा रिकामी होती, चारी बाजूंनी दोरी बांधलेली. पंप घरघरत होता. टाकी भरून वरच्या नळीतून पाणी झाडांच्या आळ्यांत पडत होतं आणि राखणदार तिथेच विळ्याने गवत काढत बसला होता.

"अहो, टाकी केव्हाची भरलीय. पंप बंद करा ना! तेवढीच कानांना शांतता."

राखणदाराने विळा खाली ठेवला. "टाकी रोज दुपारीच भरते, वहिनी. पण दादांनी बंद करू नको म्हणून सांगितलंय."

"त्यांना काय करायचंय पंपाशी? ते तर इथे येऊन झोपतात."

"झोपतात कुठले!" म्हातारा हसला. "टोपीखाली डोळे टक्क उघडे असतात. मी एकदा विचारलं, दादा, पुढे का नाही बसत? तर म्हणाले, पुढे बसलो तर आमची ही गायची नाही. घरी मशीन चालू असलं की गाते, इथे पंप चालू असला की गाते. आपल्याला कुणी ऐकतंय असं कळलं की लाजते. म्हणून टोपी." त्याने विळा पुन्हा उचलला. "आज सकाळी म्हणाले, मी नसलो तरी पंप चालू ठेव. माझ्या पायापायी तिचं गाणं बुडायला नको."

तिच्या बाटलीतून पाणी वाहून चपलांवर सांडत होतं. तिने नळ बंद केला. बावीस वर्षांचे टोमणे एकेक करून आठवले आणि प्रत्येकाची लाज वाटली.

टेकाडापलीकडे पुन्हा गाणं सुरू झालं. दोरी ओलांडून ती गवतावर बसली आणि तिने घरी फोन लावला.

"काय गं? दिसला का गायक?" नवऱ्याचा आवाज जरा पडलेलाच होता.

"दिसला. टक्कल पडलंय त्याला."

"मग? जीव शांत झाला ना एकदाचा?"

तिने ओल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. "अहो, टोपी आहे का जवळ?"

"टोपी? घरात टोपी कशाला? आहे खुंटीला. का गं?"

"घ्या तोंडावर. आणि फोन कानाशी धरा."

पलीकडे पलंग करकरला.

फोनवर हात ठेवून ती राखणदाराकडे वळली आणि म्हणाली, "तो पंप जरा बंद करा. ह्यांना नीट ऐकू येणार नाही."