चाचणीची अबोली

जानू राऊळांनी बायकोला, सत्यभामेला, तिच्या लग्नातल्या अबोली साडीतच अखेरचा निरोप दिला होता. तो रंग आता फक्त त्यांच्या आठवणीत उरला होता, आणि तिच्या पोळ्यांच्या डब्यावर तिचं नाव त्यांना त्याच रंगात हवं होतं.

“काका, यंत्र आठवणीतला रंग स्टीलवर उतरवतं, पण त्याने आठवण घेतली की ती डोक्यातून जाते,” भांड्यांवर लेसरने नावं कोरणारी तबस्सुम म्हणाली. “प्रत्येक स्टीलवर रंग वेगळा उठतो. म्हणून चाचणीत एक आठवण जाते आणि नावाला दुसरी लागते. अजून एखादी अबोली आठवते का?”

“नाही गं. मला रंगातलं काय कळतंय? सत्यभामा हसायची मला त्यावरून.”

तबस्सुमने यंत्राची पट्टी स्वतःच्याच कपाळाला लावली आणि डब्याच्या तळाशी चौकोन उमटवत गेली. पहिला तपकिरी आला, नंतरचे जांभळट. सातवा अबोली आला. मग पट्टी जानूंना लावून तिने एका फेरीत नाव उमटवलं.

जानूंना साडी आता आठवत नव्हती. ते नावावरून बोट फिरवत राहिले.

“पोरी, तुझी कुठली आठवण गेली?”

तबस्सुमने आठवून पाहिलं.

“सांगता येत नाही, काका. चांगलीच असणार.”

जानूंनी डबा खाली ठेवला आणि तिला हात जोडले.