मोकळी जागा

देवणीजवळची चाळीस एकर जमीन सागवानासकट विकायला निघाली. बंगल्यांच्या प्लॉटिंगसाठी उदगीरचा बिल्डर बघायला येणार होता. "समाधी दिसली की सौदा मोडतो," मालक सकाळीच सालगड्याला म्हणाले. "तो दगड काढून टाक, पिराजी. तुला घरापुरती जागा लिहून देतो." तीन वर्षांखाली पिराजीनं लहानग्या लेकीला मालकांना विचारूनच सागवानात पुरलं होतं. त्यानं दगड खोपटात नेला आणि जागा सपाट केली. दुपारी बिल्डर सागवान फिरून नेमका तिथंच थांबला. "एवढीच जागा मोकळी दिसते. खड्डा घेऊन बघू, मुरूम किती खोल लागतो." मालकांनी कुदळ पिराजीच्या हातात दिली. "दुसरीकडं घेऊ की, मालक." "का? इथं काय आहे?" बिल्डरनं विचारलं. मालक मोबाइल बघू लागले. "काई न्हाई, साहेब," पिराजी म्हणाला. मग तो लेकीच्या पायांच्या बाजूनं खणायला लागला.