अडलेलं गणित

किर्गिझस्तानातल्या नारिन गावच्या बुरमा एजेंचा, म्हणजे बुरमाताईंचा, गणिताचा ऑनलाइन वर्ग सगळ्यांना खुला होता. धडे, चाचण्या, शंका, सगळं क्लाउडवर. कुणीही कुठूनही यावं आणि शिकावं. त्यात साबिर नावाचा एकजण रोज काहीतरी बाळबोध शंका विचारायचा. बाकीची पोरं खिजवायची, "आधी पाढे पाठ कर रे बाबा!" बिश्केकची मेएरिम तेवढी न कंटाळता त्याला समजावत बसायची.

एकदा चाचण्या तपासताना बुरमा एजे चमकल्या. साबिरचं आजवर एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. त्यांनी तडक त्याला फोन लावला.

"सगळं तर येतंय तुम्हाला! मग त्या पोरीला कशाला राबवता? थट्टा लावलीय का?"

पलीकडे मॉस्कोतल्या कुठल्याशा बांधकामाची खडखड चालू होती.

"थट्टा नाही, एजे," तो चाचरत म्हणाला. "साबिर माझं खरं नाव नाही. मेएरिम बापाचा फोन उचलत नाही."

बुरमा एजेंनी फोन ठेवला. समोर पडद्यावर मेएरिमने नुकतंच लिहिलं होतं, "आता तरी समजलं का?"

थोड्या वेळाने खाली उत्तर उमटलं.

"नाही गं. पुन्हा एकदा सांग."