डिकीतली टाकी

लेकीने आठशे हॉर्सपॉवरचं इंजिन स्वतःच्या हातांनी जुळवलं होतं. आता घोडं अडलं होतं ते पेट्रोलच्या टाकीपाशी. गाडी रोज कामावर न्यायची आणि महिन्यातून एकदा शर्यतीच्या सरळ ट्रॅकवर पळवायची. तिच्या मते मूळचीच पत्र्याची टाकी ठेवून आत मोठा पंप बसवला की भागत होतं, शिवाय डिकीही मोकळी राहत होती.

गॅरेज चालवणारे बाबा मात्र हट्टाला पेटले होते. त्यांना शर्यतीचीच टाकी हवी होती. आत जाड रबरी पिशवी, पिशवीत स्पंज. मागून धडक बसली तरी सहजासहजी फुटायची नाही. पण सगळी डिकी ती एकटीच व्यापणार.

शेवटी लेक वैतागली. "बाबा, तुम्ही स्वतः बारा वर्षं पत्र्याच्या टाकीवर शर्यती मारल्यात. आई हातापाया पडायची, तर म्हणायचात, भित्र्यांनी घरी बसावं!"

बाबा वाकून डिकीचं माप घेत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तेव्हा गाडीत मी असायचो गं," ते म्हणाले.